लहान मुलांचा वर्ग हाती घेताना

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत शिक्षकांची पत्रे वाढतात, आणि त्यांतही चार ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांची पत्रे अधिक असतात. या वेळी त्यांतील काही प्रश्न निवडले आहेत. एकच शंका अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारली असल्यामुळे काही ठिकाणी दोन-तीन पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे सातवी-आठवीला गणित शिकवत आले. यंदा प्रथमच पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला आहे. वार्षिक नियोजन लिहून झाले, घटक पाडून झाले, शैक्षणिक साहित्यही तयार आहे. पण पहिल्या दिवशी मुले वर्गात येऊन बसल्यावर नेमके काय करायचे, हेच मला उमगत नाही. पहिला पाठ लगेच घ्यावा का?

उत्तर : पाठ्यपुस्तक पहिल्या दिवशी उघडले नाही तरी चालेल, आणि पहिल्या आठवड्यात त्याची दोन-चार पानेच झाली तरी काळजीचे कारण नाही. तुमचे नियोजन चांगलेच असणार. परंतु ते विषयाचे नियोजन आहे, आणि पहिलीच्या वर्गाला त्याआधी दिवसाचे नियोजन लागते. सातवीतल्या मुलाला ‘वह्या काढा’ म्हटले की तो वही काढतो. सहा वर्षांच्या मुलासाठी त्याच दोन शब्दांत आपले दप्तर ओळखणे, त्याची चेन उघडणे, तीन-चार वह्यांतून हवी ती शोधणे, दप्तर पुन्हा बंद करणे, ते कोणाच्या पायात येणार नाही असे सरकवणे आणि मग बाईंकडे बघणे एवढी कामे दडलेली असतात. त्यांतले एक जरी अडले, म्हणजे नवी कोरी चेन घट्ट निघाली, तरी ते मूल तिथेच अडकून राहते आणि तुमची पुढची सूचना त्याच्या कानावर पडतच नाही. मग आपण म्हणतो की या मुलाचे लक्ष नसते. लक्ष असते, ते चेनवर असते.

म्हणून शाळा उघडण्यापूर्वी रिकाम्या वर्गात एकदा निवांत जा आणि मुलांच्या बाकावर, त्यांच्या उंचीला येईल असे बसा. खिडकीतून येणाऱ्या उजेडामुळे फळ्याचा कोणता भाग चकाकतो आणि वाचता येत नाही, कोपऱ्यातल्या बाकावरून तुमच्या टेबलामुळे काय झाकले जाते, दप्तर अडकवायची खुंटी मुलांच्या हाताला पोहोचते का, हे उभ्याने कधीच कळत नाही. त्यानंतर स्वच्छतागृहापर्यंत चालत जा. दाराची कडी लहान हाताने लागते का आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती आतून सहज निघते का, हे स्वतः करून पाहा. कडी निघणार नाही या भीतीने दिवसभर लघवी दाबून धरणारी मुले असतात, आणि ती हे कोणालाही सांगत नाहीत. नळाची तोटी घट्ट असेल तर तिची दुरुस्ती आताच सांगून ठेवा.

मग एक कागद घ्या आणि मूल फाटकातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत जी जी कृती करते ती क्रमाने लिहा. चपला-बूट कोठे काढायचे, पाण्याची बाटली कोठे ठेवायची, बाईंशी बोलायचे असेल तर काय करायचे, पेन्सिलीचे टोक मोडले तर काय करायचे, काम लवकर संपले तर काय करायचे, खाऊच्या डब्याचे झाकण उघडत नसेल तर कोणाला सांगायचे, रांग कोठून सुरू होते, घरी न्यायला आलेली व्यक्ती दिसल्यावर लगेच पळायचे की बाईंना सांगून जायचे. अशा कृती सहज तीसच्या वर निघतात. प्रत्येकीसाठी एकच पद्धत ठरवा आणि ती वर्षभर बदलू नका. पद्धत कोणती ठरवली यापेक्षा ती रोज सारखीच आहे, याला या वयात फार महत्त्व आहे. पेन्सिलीचे टोक मोडले की सोमवारी ‘जागेवरून हात वर कर’ आणि मंगळवारी ‘एवढ्यासाठी मला कशाला विचारतोस’ असे ऐकणाऱ्या मुलाला शाळा कळतच नाही, आणि जे कळत नाही त्याची लहान मुलाला भीती वाटते.

या कृती सांगून येत नाहीत, त्या शिकवाव्या लागतात, आणि अगदी धडा शिकवावा तशाच शिकवाव्या लागतात. प्रथम तुम्ही स्वतः मुलांसमोर करून दाखवा. दप्तर घेऊन दारातून आत या, खुंटीला अडकवा, बाटली काढून फळीवर ठेवा, जागेवर बसा. हे करताना काय करता आहात ते मोठ्याने बोला. मग एका मुलाला करू द्या आणि बाकीच्यांना त्याने काय काय केले ते विचारा. मग सर्वांना करू द्या. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करा. एका वेळी एक किंवा फार तर दोन सूचना द्या, पहिली पूर्ण होईपर्यंत थांबा आणि मगच पुढची द्या. या वयाच्या मुलांना ऐकलेल्या चार सूचना क्रमाने मनात धरून ठेवता येत नाहीत, आणि त्यात त्यांचा हट्ट वा दुर्लक्ष नसते.

पहिल्या दिवसापुरते बोलायचे तर त्या दिवशी मुलाला तीनच गोष्टी नीट कळाल्या पाहिजेत : स्वच्छतागृह कोठे आहे आणि तिथे जायचे असेल तर काय करायचे, काही अडले तर कोणाला हाक मारायची, आणि आपल्याला घरी न्यायला कोण व कधी येणार. बाकीचा वेळ गाणी, गोष्ट, शाळेत फेरफटका आणि थोडे चित्रकाम यांत जाऊ द्या. उरलेल्या कृती पुढच्या दोन-तीन आठवड्यांत रोज दोन-तीन अशा घ्या. या काळात मुख्याध्यापकांनी ‘पाठ कोठवर आला’ असे विचारले तर न संकोचता तुमचा हा कागद त्यांना दाखवा. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक वेळी वही काढायला सहा मिनिटांऐवजी दोन मिनिटे लागू लागली आणि हे दिवसातून पाच वेळा घडत असेल, तर रोजची वीस मिनिटे हाती येतात. पाठ्यपुस्तकाला उशिरा हात घातल्याची भरपाई त्यातून फार लवकर होते.

प्रश्न : दर वर्षी सुरुवातीचे दिवस रडण्यात जातात. काही मुले दाराशी आईला घट्ट धरून बसतात. काही पालक मुलाची नजर चुकवून निघून जातात, काही खिडकीबाहेर तासभर उभे राहतात. पालकांना काय सांगावे आणि आम्ही काय करावे?

उत्तर : नजर चुकवून जाणे बंद करायला पालकांना आग्रहाने सांगा. त्याने त्या दिवसाची रडारड कदाचित टळते. परंतु आई न सांगता नाहीशी होते हे एकदा कळलेले मूल दुसऱ्या दिवसापासून तिला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही. निरोप घ्यावाच, मात्र तो लहान असावा आणि रोज एकसारखा असावा. ‘खाऊची सुट्टी झाली, मग गोष्ट झाली, की मी येते’ असे मुलाला समजणाऱ्या खुणांनी सांगावे, कारण ‘बारा वाजता’ या शब्दांना त्याच्या लेखी अजून काही अर्थ नसतो. आणि सांगितलेली वेळ कटाक्षाने पाळावी. पहिल्या आठवड्यात न्यायला दहा मिनिटे उशीर होणे हे मोठ्यांना किरकोळ वाटते. बाकी मुले एकेक करून जाताना बघत दाराशी थांबलेल्या मुलासाठी ते मुळीच किरकोळ नसते.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांच्या जिव्हाळ्याच्या नात्यांचा विसाव्या शतकात जो अभ्यास केला, त्यातून एक गोष्ट पुढे आली. ज्या मुलाला आपले माणूस पाठीशी असल्याची खात्री असते, ते मूल नव्या जागेत अधिक मोकळेपणाने वावरते. तेव्हा ‘लाडावलेले आहे म्हणून रडते’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. शाळेत ती खात्री द्यायला काही काळ एकच व्यक्ती असावी. मदतनीस ताई असतील तर रडणाऱ्या मुलांना आळीपाळीने सगळ्यांनी घेण्याऐवजी, ठरावीक मुलांना रोज ठरावीक व्यक्तीनेच दाराशी घ्यावे. घरची एखादी लहानशी वस्तू, आईचा हातरुमाल म्हणा, खिशात राहू द्यावी. मुलाला आत घेतल्यावर त्याची समजूत घालत बसण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावे : खडू डब्यात भरायचे आहेत, चित्रांचे कागद वाटायचे आहेत, झाडाला पाणी घालायचे आहे. ‘रडू नकोस’ असे म्हणण्याऐवजी ‘आईची आठवण येते आहे ना, ती गोष्टीनंतर येणार आहे’ असे म्हणावे. ते खरे आहे आणि मुलालाही ते खरे वाटते.

पहिला आठवडा हसत आलेले मूल दुसऱ्या आठवड्यात रडू लागले तर घाबरू नका. शाळा रोजच असते हे त्याला तेव्हा कळलेले असते. पण महिना उलटून गेल्यावरही मूल काही खात नसेल, कोणाशी एक शब्द बोलत नसेल, किंवा रोज सकाळी पोटदुखीची तक्रार करत असेल, तर पालकांना बोलावून शांतपणे बोला आणि आवश्यक वाटल्यास डॉक्टरांचा वा समुपदेशकाचा सल्ला घ्यायला सुचवा.

प्रश्न : आमच्या शाळेत वर्गसजावटीची स्पर्धा असल्यासारखे वातावरण असते. शेजारच्या वर्गाच्या चारही भिंती तक्त्यांनी आणि चित्रांनी भरलेल्या आहेत. माझ्या भिंती जवळजवळ रिकाम्या आहेत आणि मला अपराधी वाटते.

उत्तर : अपराधी वाटून घेऊ नका, तुमच्या बाजूने चांगला पुरावा आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील अ‍ॅना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बालवर्गातील २४ मुलांना सहा छोटे पाठ दिले, त्यांतील तीन खूप सजवलेल्या खोलीत आणि तीन साध्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष ३८.६ टक्के वेळ पाठावरून दुसरीकडे गेले, तर साध्या खोलीत २८.४ टक्के वेळ. पाठांवरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे सजवलेल्या खोलीत ४२ टक्के होती, साध्या खोलीत ५५ टक्के. २४ मुलांच्या एका अभ्यासावरून सगळे ठरवू नये हे खरे. तरीही लहान मुलांना नको त्या गोष्टीवरून लक्ष काढून घेणे मोठ्यांपेक्षा अवघड जाते हा आपला रोजचा अनुभव आहे, आणि तो या आकड्यांशी जुळतो.

भिंती ओक्याबोक्या ठेवा असा याचा अर्थ मी करणार नाही. फळ्याची भिंत मात्र मोकळी ठेवा, कारण शिकताना मुले तिकडेच बघत असतात. दाराजवळ दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावा, म्हणजे ‘आता पुढे काय’ हे वाचता न येणाऱ्या मुलालाही बोट ठेवून सांगता येईल. उरलेल्या जागेपैकी बरीचशी मुलांच्या स्वतःच्या कामासाठी राखून ठेवा आणि ते काम मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत लावा. बहुतेक वर्गांत तक्ते शिक्षकांच्या नजरेच्या उंचीवर असतात आणि मुलांच्या नजरेला त्यांची खालची कडच तेवढी येते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले, तेव्हापासून मुलांच्या मापाच्या खुर्च्या-टेबले आणि त्यांचा हात पोहोचेल अशी कपाटे हा त्यांच्या पद्धतीचा कणा राहिला. शंभराहून अधिक वर्षांनंतरही कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली खेळणी पाहिली की वाईट वाटते. ती मुलांनी कोणाला मागायची?

प्रश्न : गेल्या वर्षीच्या शिक्षिकेने मला माझ्या वर्गातील प्रत्येक मुलाविषयी सविस्तर सांगितले आहे : कोण हुशार, कोण उनाड, कोणाच्या पालकांशी जपून वागावे. हे ऐकून ठेवावे की मोकळ्या मनाने सुरुवात करावी?

उत्तर : त्यांनी दिलेल्या माहितीचे दोन भाग करा. आजार, औषधे, कोणत्या पदार्थाने त्रास होतो, ऐकण्यातल्या किंवा दिसण्यातल्या अडचणी, मुलाला घरी न्यायला कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही, घरात नुकतीच घडलेली एखादी मोठी घटना, ही माहिती पहिल्या दिवसापूर्वी वाचून पाठ असली पाहिजे. त्यात मोकळ्या मनाचा प्रश्नच येत नाही. स्वभावाविषयीची विशेषणे मात्र पहिले तीन आठवडे पाकिटात बंद करून ठेवावीत.

रॉबर्ट रोझेंथल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात आठवतो. अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेतील शिक्षकांना त्यांनी काही मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा झपाट्याने पुढे जाणार असे सांगितले. प्रत्यक्षात ती नावे कोणताही निकष न लावता निवडली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचणीतील गुणांत इतरांपेक्षा लक्षणीय वाढ दिसली. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि असा परिणाम किती मोठा असतो याविषयी मतभेद आहेत. तरी सर्वांत लहान मुलांच्या वर्गांतच तो दिसावा, हे आपण विसरू नये असे मला मनापासून वाटते. उनाड ठरवलेल्या मुलाकडे पाहताना आपली नजर उनाडपणा शोधतच फिरते, आणि शांत बसलेल्या त्याच मुलाकडे आपण पाहतच नाही.

त्या शिक्षिकेशी बोलणे पूर्ण टाळावे असे नाही. त्यांना विशेषणांऐवजी प्रसंग विचारा. ‘तो मारकुटा आहे’ यातून काहीच हाती लागत नाही. ‘रांगेत मागून धक्का लागला की तो वळून मारतो’ यातून त्याला रांगेत शेवटी उभे करावे एवढा उपाय लगेच सुचतो. आणि ‘कोणत्या गोष्टीने तो खुलतो’ हा प्रश्न प्रत्येक मुलाविषयी आवर्जून विचारा.

प्रश्न : माझ्या वर्गात काही मुले छोटी पुस्तके वाचतात, तर काहींना पेन्सिल धरता येत नाही. कोणाला काय येते हे पहिल्या आठवड्यात कसे पाहावे? चाचणी घ्यावी का?

उत्तर : लेखी चाचणी घेऊ नका. त्यातून मुलाला चाचणी म्हणजे काय हे माहीत आहे का एवढेच कळते. आधी हजेरीपटावरील जन्मतारखा नजरेखालून घाला. एकाच वर्गात जवळजवळ एक वर्षाचे अंतर असलेली मुले असतात, आणि सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. वर्गातले ‘मागे असलेले’ मूल कित्येकदा फक्त सर्वांत लहान असते.

त्यानंतर रोज चार-पाच मुलांना, बाकीची मुले चित्रे काढत वा खेळत असताना, एकेक करून जवळ बसवा. समोर सात बटणे ठेवा आणि मोजायला सांगा. तोंडाने वीसपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल येथे काय करते ते पाहण्यासारखे असते. काही मुलांचे बोट एका बटणावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत तोंडून दोन आकडे निघून जातात. काही मुले बरोबर सातपर्यंत येतात. पण ‘मग बटणे किती?’ असे विचारले की उत्तर न देता पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्यांना अजून उमगलेले नसते. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची जी तत्त्वे मांडली त्यांत एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा न बदलणारा क्रम आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या ही तीन मुख्य आहेत. तुमच्या समोरचे मूल यांतल्या कोणत्या पायरीवर आहे ते बटणांच्या या खेळातून पाच मिनिटांत दिसते. मग तीच बटणे एकमेकांपासून लांब मांडा आणि आता जास्त झाली का ते विचारा. ‘हो, जास्त झाली’ असे उत्तर आले तर दुरुस्त करू नका, फक्त नोंद करा. पसरल्याने संख्या बदलत नाही ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते असे जाँ पियाजे यांनी दाखवले, आणि ती सांगून येत नाही, पुष्कळ हाताळल्यावर येते. ही समज नसलेल्या मुलाला बेरजेची उदाहरणे घालत राहिले तर ते उत्तरे पाठ करते.

भाषेसाठी एक भरगच्च चित्र दाखवा आणि ‘यात काय चालले आहे?’ असे विचारून गप्प राहा. एकेका शब्दाने वस्तूंची नावे सांगणारे मूल, वाक्ये बोलणारे मूल आणि ‘तो पडला कारण कुत्रा मागे लागला’ असा कार्यकारणभाव जोडणारे मूल, यांच्यातला फरक लगेच कळतो, आणि पुढच्या वाचनासाठी तो अक्षरओळखीइतकाच महत्त्वाचा आहे. मुलाची घरची बोली वेगळी असेल तर त्याला तिच्यात सांगू द्या. गप्प राहण्याविषयी मी आग्रहाने लिहिते आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. ती वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी होते, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद मनात मोजून पाहा. वर्गात ते फार मोठे वाटतात. तेवढे सोसायला आपण शिकले पाहिजे.

पेन्सिल न धरता येणाऱ्या मुलांना लगेच वहीच्या दोन ओळींत कोंबू नका. आधी माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे, चिमट्याने कापूस उचलणे अशी बोटांची कामे भरपूर द्या. तेलखडूचे व पेन्सिलीचे लांडे तुकडे टाकून देऊ नका. एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, त्यामुळे मूल आपोआप तो बोटांच्या चिमटीत धरते. डावखुऱ्या मुलाला बाकावर डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे कोपर भिडणार नाही, आणि वही किंचित उजवीकडे कलती ठेवायला शिकवा. हात बदलायला लावू नका, आणि घरी कोणी लावत असेल तर त्यांनाही समजावून सांगा.

प्रश्न : वर्गाचे नियम म्हणून मी पंधरा वाक्यांचा तक्ता केला आहे. तो पुरेसा आहे का?

उत्तर : तो फार मोठा आहे. तीन ठेवा, आणि प्रत्येकात काय करायचे ते सांगा. ‘पळू नका’ ऐकल्यावर मुलाच्या मनात पळण्याचेच चित्र उभे राहते; ‘वर्गात चालायचे’ हे त्याला करता येते. नियम वाचता येत नसताना तक्ता कोणासाठी आहे, याचाही विचार करा. प्रत्येक नियमाचे चित्र वर्गातल्याच मुलांकडून काढून घ्या.

प्रश्न : शाळा सुरू होण्यापूर्वी पालकसभा घ्यायची आहे. पालकांना कोणत्या सूचना द्याव्यात?

उत्तर : थोड्या द्या, म्हणजे त्या पाळल्या जातील. सर्वांत आधी झोप. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सुट्टीत ही वेळ बिघडलेली असते. शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री ती सुधारत नाही. एक-दोन आठवडे आधीपासून रोज थोडी थोडी लवकर झोपवत नेली तर जमते. दुसरी सूचना हाताने करायच्या कामांची : डबा उघडणे, बुटाचा पट्टा लावणे, चड्डीचे बटण काढणे-लावणे, स्वच्छतागृहात स्वतः धुणे. अक्षरे नाही आली तरी चालतील, ती आम्ही शिकवू, असे पालकांना स्पष्ट सांगा. तिसरी सूचना रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवण्याची, किंवा वाचता येत नसेल तर गोष्ट सांगण्याची. तीच गोष्ट मूल दहा वेळा मागत असेल तर दहा वेळा सांगावी.

सभेत पालकांना बोलायलाही वेळ ठेवा. प्रत्येकाला एक कोरा कागद देऊन ‘आपल्या मुलाविषयी मला काय माहीत असावे?’ एवढाच प्रश्न लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याशी स्वतः बसून बोला. मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारतात आणि त्याच्या नावाचा उच्चार नेमका कसा करायचा, हेही त्याच वेळी विचारून घ्या, म्हणजे पहिल्या हजेरीत ते नाव तुमच्या तोंडून बरोबर येईल.

प्रश्न : दर वर्षी पहिल्याच आठवड्यात माझा घसा बसतो आणि पुढे महिनाभर आवाज घोगरा राहतो. काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि त्याची तयारी शाळा उघडण्यापूर्वीच करावी लागते. तुमचा घसा शिकवण्याने बसत नाही, मुलांना गप्प करण्याने बसतो. त्यासाठी आवाजाऐवजी दुसरी खूण ठरवा : एखादी लहान घंटा, टाळ्यांचा ठरावीक ठेका, किंवा वर केलेला हात. पहिल्याच दिवशी ती खेळ म्हणून शिकवा. मुलांना मुद्दाम गोंगाट करायला सांगा, खूण करा, आणि सगळे शांत होईपर्यंत थांबा. असे चार-पाच वेळा करा. पुढे महिनाभर एक पथ्य पाळा : खूण केल्यावर पूर्ण शांतता होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. चाललेल्या गोंगाटावर आपण एकदा जरी आवाज चढवून बोललो, तरी खुणेनंतर गप्प व्हायलाच हवे असे नाही, हे मुलांना कळून चुकते. एखाद्याच मुलाला काही सांगायचे असेल तर फळ्याजवळून हाक न मारता त्याच्या बाकापाशी जाऊन खाली वाकून बोला.

पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर तासिकेला दोन घोट घ्या. खडूची पूड उडत असेल तर फळा ओल्या फडक्याने पुसा. घसा बसलेला असताना कुजबुजत बोलू नका; कुजबुजण्यानेही स्वरयंत्रावर ताण येऊ शकतो, त्यापेक्षा हळू पण आपल्या नेहमीच्या आवाजात बोला किंवा त्या दिवशी चित्रांच्या गोष्टी आणि हाताची कामे जास्त घ्या. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रावरून तो दर वर्षी महिनाभर टिकतो असे दिसते, तेव्हा या वेळी शाळा सुरू होण्याची वाट न पाहता आताच तपासून घ्या.